श्वास घेणारी बाग

करवंदीच्या जाळ्यांनी वेढलेल्या एका हिरव्यागार डोंगराच्या कुशीत, बांबूच्या इवल्याशा झोपडीत मैना आणि तिची आई राहायच्या. आई टोपल्या विणायची. तिच्या बोटांत बांबूच्या कामट्या अशा नाचायच्या, की बघणाऱ्याला वाटावं, बांबूलाच टोपली व्हायची घाई झालीय. घरात खायला नाचणीची भाकरी आणि मीठ, मैनेच्या परकराला सात रंगांची सात ठिगळं. त्या दहा बोटांवर दोघींचं पोट चालायचं.

आणि एका सकाळी ती बोटं मिटली, ती उघडेचनात.

चूल पेटवायला आईनं हात पुढे केले, तर दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या. मैनेनं एकेक बोट सोडवून पाहिलं. हलेना. आई ओरडली नाही, रडली नाही. नुसती आपल्या हातांकडे बघत राहिली, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. मैनेला एकदम रडू फुटलं आणि आईचे हात शेकायला निर्गुडीचा पाला आणायला ती रानाकडे धावत सुटली. जाताना पाण्याची कळशी कलंडली, दार सताड उघडं राहिलं, तिला पत्ताच नव्हता.

मैना होतीच तशी. शाळेत सुलक्षणाबाई योगासनं शिकवायच्या, तेव्हा एका पायावर झाडासारखं उभं राहण्यात सगळ्या वर्गात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. नजर एका जागी, श्वास संथ, पाय जमिनीत रुजल्यासारखा. पण चटई गुंडाळली, की मैना पुन्हा वावटळ. दूध उतू जायचं, भाकरी करपायची, जरा काही बिनसलं की आदळआपट. बाई तिला सांगायच्या, की चटईवरचा श्वास घरीही नेत जा. मैनेला ते काही समजायचं नाही. श्वास काय दप्तरात भरून न्यायचा?

तर मैना धावत होती. इतक्यात वाटेतल्या वेलीत काहीतरी फडफडलं. कोळ्याच्या जाळ्यात एक चिमुकला शिंजीर पक्षी अडकला होता. जांभळ्या गळ्याचा, मोरपंखी पाठीचा, अंगठ्याएवढा. मैना दोन पावलं पुढे गेली आणि परत फिरली. तिनं एकेक धागा हलक्या हातानं सोडवला. जरा ओढलं असतं तर पंख तुटला असता. पक्षी भुर्रकन करवंदीच्या जाळीत शिरला, आणि जाळी पडद्यासारखी बाजूला झाली.

पलीकडे बाग होती. सोनेरी सोनकी, गुलाबी तेरडा, निळीशार गोकर्ण, दवाच्या थेंबांत चमचमणारी जाई. पण मैना जागीच थबकली, कारण ती सगळी बाग धापा टाकत होती. फुलं भराभर मिटत होती, उघडत होती. फांद्या वरखाली होत होत्या. फुलपाखरं धड बसू शकत नव्हती.

"मैना, बाळ, जरा हळू श्वास घे," एक बारीक आवाज आला. "माझं घर हलतंय."

एका जाईच्या देठाला मिठी मारून करंगळीएवढी परी लोंबकळत होती. तिचे पंख अबोली रंगाचे, आणि केसांत परागांची भुकटी.

भीतीनं मैनेनं श्वास रोखला. तत्क्षणी सगळी बाग थिजली. उडतं फुलपाखरू हवेतच थांबलं. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की ही बाग तिच्याच श्वासावर चाललीय. तिनं अगदी सावकाश श्वास सोडला, आणि फुलं अलगद उमलली.

परीचं नाव झुळूक. पक्ष्यासाठी मैना थांबली होती, हे तिनं पाहिलं होतं. मैनेनं आईच्या हातांचं सांगितलं. झुळुकेनं ऐकून घेतलं आणि मोत्यांसारख्या दोन पांढऱ्या कळ्या तिच्या ओंजळीत ठेवल्या. एका कळीत एक इच्छा.

"पण नियम नीट ऐक," ती म्हणाली. "तुझा श्वास शांत झाला, की कळी आपणहून उमलेल. तेव्हाच माग. नखानं उकललीस, तरी इच्छा पुरी होईल. पण मग तिला थांबता येणार नाही."

मैनेनं मान हलवली, निर्गुडी ओरबाडली आणि घर गाठलं.

दारातच तिचे पाय अडखळले. आई मनगटांमध्ये पेला धरून पाणी प्यायचा प्रयत्न करत होती. पेला निसटला. सगळं पाणी तिच्या मांडीवर सांडलं, आणि मैनेनं आयुष्यात पहिल्यांदा आईला लहान मुलीसारखं रडताना पाहिलं. मग कसला नियम अन् कसलं काय. तिनं नखानं कळी टराटर उकलली. "माझ्या आईचे हात चालू देत," ती म्हणाली.

हात चालू लागले. मुठी उघडल्या, बोटं कामट्यांवर झेपावली. मैनेनं टाळ्या पिटल्या. एक टोपली झाली, दुसरी झाली, दहावी झाली. आई हसत होती. मग तिचं हसू मावळलं.

"मैना," ती हळूच म्हणाली, "हात थांबत नाहीयेत गं."

कामट्या संपल्या. हातांनी केरसुणी ओढली आणि विणली. छपराचं गवत उपसलं आणि विणलं. कुडाच्या काठ्या सोडवल्या, आणि बघता बघता घराची एक भिंत टोपल्या होऊन अंगणात पडली. बोटांतून रक्त येऊ लागलं. आरडाओरडा ऐकून शेजारी गोळा झाले आणि तोंडात बोटं घालून उभे राहिले. त्यांच्यातल्या गोदूमामांनी पुढे होऊन दोरानं आईचे हात बांधले. हातांनी दोर उलगडला आणि त्याचीही टोपली केली. मैना आईला बिलगली, तर हातांनी तिची वेणी पकडली आणि तीही टोपलीत गुंफायला घेतली.

मैनेनं दुसरी कळी काढली. नख तिच्यावर टेकलंसुद्धा. आणि ती थांबली. तिच्या डोळ्यांसमोर ती धापा टाकणारी बाग आली. इथंही सगळे धापा टाकत होते. आई, मामा, शेजारी, आणि सगळ्यांत जास्त ती स्वतः.

वेणी टोपलीत अडकलेली, चहूकडे गोंधळ. त्या गोंधळातच मैना एका पायावर उभी राहिली. पडली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली. कुणीतरी म्हणालं, पोरीचं डोकं फिरलं. तिनं आईच्या नाकातल्या चमकीवर नजर लावली. श्वास आत. श्वास सावकाश बाहेर. काळीज धडधडत होतं, ते तिनं धडधडू दिलं. श्वासाची लय तेवढी सोडली नाही. हळूहळू गलका दूर गेला. पाय रुजला.

आणि तळहातावर काहीतरी मऊ हललं. कळी उमलली होती. सुवास अंगणभर पसरला, सगळे गप्प झाले.

"माझ्या आईचे हात तिचे तिला परत मिळू देत," मैना म्हणाली.

हात थांबले. दमलेल्या दोन पाखरांसारखे आईच्या मांडीवर उतरले. आणि मैनेच्या डोळ्यांदेखत बोटं पुन्हा मिटली. मुठी आवळल्या गेल्या, सकाळी होत्या तशाच.

मैनेला हा धक्का सगळ्यांत मोठा होता. कळ्या संपल्या होत्या. पण या वेळी ती ओरडली नाही, धावली नाही. तिनं एक लांब श्वास घेतला, टोपलीतून वेणी सोडवली, निर्गुडीचा पाला गरम केला आणि आईच्या मुठींना शेक द्यायला बसली.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी कूड बांधून दिला. त्या टोपल्या मैनेनं घरोघर वाटून टाकल्या, आणि कुणी नाचणी, कुणी मीठ आणून दिलं. रोज सकाळी ती आईजवळ बसे. दोघी मिळून श्वास घेत आणि श्वास सोडताना मैना एकेक बोट केसभर उघडू पाहे. ओढून नाही, त्या जाळ्यातल्या धाग्यांसारखं. मग ती भाकरी थापायची. भाकरी करपली, तर थोडं थांबून दुसरी थापायची. एक महिना गेला. बोटं उघडली नाहीत. शेजारच्या तान्ह्याला खोकला झाला, तेव्हा मैना त्यालाही मांडीवर घेऊन बसली आणि तिचा संथ श्वास पोटाशी लागताच ते झोपी गेलं.

एका सकाळी अंगण अबोली रंगानं भरून गेलं. हवेत झुळूक तरंगत होती. तिच्या चिमुकल्या चेहऱ्यावर नवल मावत नव्हतं.

"शंभर वर्षं मी कळ्या देतेय," ती म्हणाली. "पहिली फसली, की सगळे दुसरी आणखी जोरात फाडतात. आणि कळ्या संपल्या, की मला शिव्या देतात. तू काय करतेस, ते मी महिनाभर बघतेय."

मैना म्हणाली, "मला काही मागायचं नाही, परीताई. आमचं चाललंय हळूहळू."

"म्हणूनच आले," झुळूक म्हणाली.

तिनं पंख पसरले. पंखांतून उजेड फुटला, आधी अबोली, मग सोनेरी, मग इतका पांढराशुभ्र, की अंगण, टोपल्या, डोंगर, सगळं त्यात विरघळून गेलं. मैनेचे डोळे दिपले. इतक्यात कुणीतरी तिच्या डोळ्यांवर हात धरला, उन्हातून जाताना आई लेकराच्या डोळ्यांवर धरते तसा.

उजेड ओसरला. परी नव्हती. मैनेनं डोळे उघडले, तर तिच्या कपाळावर एक सावली होती. तिनं वर पाहिलं आणि तिचा श्वास क्षणभर थांबला. आई अजून आभाळाकडेच बघत होती. तिच्या लक्षातही आलं नव्हतं, की तिच्या हाताची पाचही बोटं उघडी होती.