मुइरलची लेक

थांबा, थांबा खैरनारभाऊ, प्याला खाली ठेवा. अजून ओठांना लावू नका. राग मानू नका, पण ग्लेन डोरवीच्या या दरीत पाहुण्याने आधी प्यायचं नसतं. ती समोर एप्रन बांधून उभी आहे ना, कर्स्टी, ही एल, म्हणजे जवाची बिअर, तिने केली आहे. सगळ्यांचे प्याले भरून झाले की आधी ती पिईल. मग त्या दगडी कठड्यातल्या झाडाला एक फेरी घालून येईल. त्यानंतर आपण.

हो, ठाऊक आहे मला. आपल्याकडे पाहुण्याच्या आधी घरच्या बाईने घोटभर चहा घेतला तरी चार लोक नावं ठेवतात. मी मिरजेची, शालन बाबर. नर्स म्हणून इकडे आले आणि इथल्याच इयन मॅकफेलच्या गळ्यात पडले. पहिल्यांदा या अंगणात बसले तेव्हा मलाही वाटलं होतं, काय बाई ही माणसं, पाहुण्यांना ताटकळत ठेवून आपणच ढोसतात! तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरून जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगते. तुमची बस भरून माणसं आहेत, सगळ्यांचे प्याले भरेपर्यंत सांगून होईल.

तोवर वास घ्या. वासाला बंदी नाही. जे पीत नाहीत त्यांनीही घ्या, वासाने कुणाचा उपास मोडत नाही. जवाला मोड आणायचे, ते भाजायचे, उकळायचे आणि त्यात रानातले हिरवे कोंब घालून आंबवायचं, ही इथली एल. बाकी जग कडूपणासाठी हॉप्सची फुलं घालतं, पण ती या थंडीत पिकत नसत. बर्फातही हिरवं राहतं ते पाइन आणि ज्युनिपर. हिवाळा लांबला, माणसांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, की हीच एल औषध म्हणून द्यायचे, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट आहे. या दरीत मुइरल नावाची बाई एल करायची. तिचं नाक म्हणे असं, की पिंपावर वाकली की कोंब डोंगराच्या कुठल्या अंगाचे आहेत ते सांगायची. पण घर मात्र उजाड झालेलं. डोंगरापलीकडच्या लोकांशी उन्हाळी कुरणावरून वैर होतं, त्यात तिचा नवरा गेला, थोरले मुलगे गेले. उरला धाकटा फिनले. त्याने बायको आणली ती पार समुद्रातल्या बेटावरची, शोनाग तिचं नाव. त्या बेटावर वारा एवढा, की झाड म्हणून काही उभंच राहत नाही. पोरीने इथे येईपर्यंत जंगल पाहिलेलं नव्हतं.

त्या वर्षी दोन्हीकडची माणसं मारामारीला विटली. असं ठरलं, की वसंतात पलीकडचा सरदार टॉर्कल आपली माणसं घेऊन इथे यायचा, दोन्हीकडच्यांनी एकाच लाकडी प्याल्यातून एल प्यायची, की वैर संपलं. पहिला घोट पाहुण्याचा. तेव्हा रीत आपल्यासारखीच होती.

आणि नेमकी त्याच वेळी मुइरल तापाने अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. कशाचा म्हणून वास येईना. हे तिने कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? गवयाने माझा गळा गेला म्हणून सांगावं, तसं ते. बाई मानी होती. अंथरुणातूनच सुनेला म्हणाली, 'ओढ्याच्या वरच्या अंगाला जा, कोवळे कोंब खुडून आण, मी सांगते तसं उकळ.'

शोनाग गेली. पाइनच्या फांद्या उंच, हात पुरेना. मग तिला एक बुटकं, पसरलेलं, गच्च हिरवं झाड दिसलं. फांद्या हाताशी, कोंब लुसलुशीत. तिला वाटलं, देव पावला. तिने थोडे पाइनचे घेतले आणि बाकी टोपली त्या झाडाच्या कोंबांनी भरली. ते हे झाड. यू म्हणतात याला. याची पानं पोटात गेली तर उभा बैल आडवा होतो.

उकळताना पोरीने पळीभर रस सासूच्या नाकाशी नेला. 'बघा ना आत्याबाई, जमलंय का?' मुइरलने डोळे मिटले, वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाली, 'छान झालंय.' तिला काडीचाही वास आला नव्हता. माझ्या सासूबाई इथे आल्या की थांबायच्या. म्हणायच्या, 'निम्मी चूक इथे आहे, विसरू नकोस.'

ठरलेला दिवस आला. टॉर्कल आला, दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसली, तलवारी कमरेला तशाच. मुइरल त्या दिवशी पहिल्यांदाच अंथरुणातून उठून बाहेर आली. झोपडीमागे उकळलेल्या कोंबांचा चोथा पडला होता, त्यावर तिची नजर गेली.

तुमच्या पुढ्यात पाइनची डहाळी ठेवली आहे, ती बघा. सुया जोडीजोडीने उगवतात, दिसलं? यूची पानं एकेकटी, चपटी, कंगव्याच्या दात्यांसारखी. तिने चोथा हातात घेतला, बोटांनी चिवडला. जोडीच्या सुया थोड्या, एकेकटी पानंच जास्त. मागे वळून बघते तर शोनागने भरलेला प्याला टॉर्कलच्या हातात दिलेला.

काय म्हणालात? ओरडायचं होतं? अहो, ज्यांची माणसं आपण मारली, त्यांना घरी बोलावून, हातात प्याला देऊन, मग 'थांबा, त्यात विष आहे' म्हणून ओरडायचं? चुकून पडलं हे कोण ऐकून घेतो? त्याच क्षणी तलवारी निघाल्या असत्या आणि पहिली मान शोनागची उडाली असती, दुसरी फिनलेची. गप्प राहावं तर विश्वासाने आलेली माणसं मरणार, आणि मागे राहिलेले त्यांचे भाऊबंद ही दरी जाळणार. नुसता प्याला काढून घेऊन ओतून द्यावा, तर हा मोठा अपमान, आणि वर संशय. एवढा सगळा विचार त्या बाईने झोपडी ते बैठक एवढ्या चालण्यात केला. माझ्या तर अंगावर काटा येतो.

ती सरळ टॉर्कलसमोर गेली. त्याच्या ओठांशी गेलेला प्याला तिने दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, 'सरदार, आमच्या दरीची रीत आहे. जिने केली, ती आधी पिते. मी फेरी घालून परत आले, तरच तुम्ही प्यायचं.'

अशी रीत नव्हतीच! तिच्या स्वतःच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मुइरलने तो प्याला तळापर्यंत रिकामा केला, पदराला तोंड पुसलं म्हणा ना आपल्या भाषेत, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला चालू लागली. पाठ ताठ. सगळे बघत राहिले.

ती परत आली नाही. शेवटी टॉर्कल स्वतः उठला, फिनले त्याच्यामागे धावला. ती या झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती, ओंजळीत याचेच कोंब. श्वास जेमतेम चालू होता. म्हणाली, 'कोंब मी खुडले. माझं नाक गेलंय, ते मी लपवलं. यात कुणाचा डाव नाही.' एवढं बोलून तिने प्राण सोडला.

टॉर्कलची माणसं तलवारींच्या मुठींवर हात ठेवून वाट बघत होती. मग तो म्हणाला, 'विष घालणारी स्वतः आधी पीत नाही.' त्याने ते पिंप खड्ड्यात पालथं करायला लावलं, प्याला ओढ्यात घासून धुतला, त्यात पाणी भरलं आणि फिनलेबरोबर प्यायला. वैर तिथे संपलं.

दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, तशी ही रीत, असं तुम्हाला वाटलं ना खैरनारभाऊ? मलाही वाटलं होतं. पण रीत त्या दिवशी पडली नाही. त्या दिवशी बाई गेली, एवढंच झालं. लोक कुऱ्हाडी घेऊन हे झाड तोडायला निघाले. शोनाग आडवी आली. म्हणाली, 'झाडाने काय केलं? मला ते ओळखता आलं नाही. सगळ्यांना ओळखता आलं पाहिजे.' तिने भोवती कठडा बांधायला लावला आणि एल करायची जागा इथे, झाडासमोर आणली.

पुढच्या वसंतात तिने एल केली. एकेक कोंब उन्हात धरून बघितला म्हणे. टॉर्कल आला, दोन्हीकडची माणसं आली. सगळ्यांसमोर ती उभी राहिली आणि म्हणाली, 'गेल्या वर्षीचे कोंब सासूबाईंनी नव्हते खुडले. मी खुडले होते.'

फिनलेने डोक्याला हात लावला. तिने सांगितलं नसतं तर कुणाला कळणार होतं? पण तिला मेलेल्या सासूच्या नावावर आपली चूक ठेवायची नव्हती. आता तिच्या हातची एल कोण पिणार? कुणी प्याल्याला हात लावेना. तेव्हा तिने आपला प्याला उचलला, तळापर्यंत प्यायली आणि चालू लागली. बुंधा एवढा रुंद आहे, की पलीकडे गेलेलं माणूस दिसत नाही. ती मागे गेली. सासू गेली होती ती याच झाडाशी, आणि परतली नव्हती. बायांनी पदर तोंडात कोंबावा, तशी सगळ्यांची गत.

आणि ती फिरून आली. आपल्या पायांनी, चालत.

टॉर्कलने प्याला उचलला. 'मुइरलची लेक आली,' म्हणाला, आणि प्यायला.

सून नाही म्हणाला. लेक म्हणाला.

आजही इथे एल करणारी कुणाचीही कुणी असो, ती त्या झाडामागे गेली की माणसं श्वास रोखून धरतात. मी इतकी वर्षं बघते आहे, तरी दरवेळी त्या बुंध्यावरून माझी नजर हलत नाही. ती या बाजूने दिसली की सगळे एका आवाजात म्हणतात, मुइरलची लेक आली. तुम्हीही म्हणा, मराठीत म्हटलं तरी चालतं. उठा, बसून राहायचं नसतं. कर्स्टीने प्याला उचलला.