टिटवी आणि स्टेशनची घंटा

फार वर्षांपूर्वी शहराच्या वेशीवरची गिरणी बंद पडली आणि तिथलं स्टेशनही ओस पडलं. फलाटावरची घंटा तेवढी गाडीची वाट पाहत राहिली. एका उन्हाळ्यात रुळांमधल्या खडीत टिटवीनं अंडी घातली.

एके सकाळी मजूर आले. स्टेशन पुन्हा सुरू होणार होतं! घंटा हरखली, टिटवीनं मात्र आकांत मांडला. मुकादम हौसाबाईंनी अंडी पाहिली. "पिल्लं चालती झाल्याशिवाय इथं फावडं लावू नका," त्या म्हणाल्या.

"म्हणजे गाडी आणखी लांबली!" घंटा कुरकुरली.

"मीही वाटच पाहतेय गं," टिटवी म्हणाली.

घंटेनं खडीतल्या अंड्यांकडे पाहिलं. दुपारी हौसाबाईंनी तिच्यावर हातोडा मारून पाहिला. पण अंड्यांवर बसलेली टिटवी दचकू नये, म्हणून घंटा अगदी हळू वाजली.

"गंजली वाटतं," हौसाबाई म्हणाल्या.

घंटेनं तेही ऐकून घेतलं.