धुवणाची शिळा

उंबरठाणच्या माळावर एक काळी शिळा आहे. लांबून पाहिलं तर कुणीतरी भली मोठी कढई धुऊन पालथी घातली आहे असंच वाटतं. तिच्या पाठीवरून बोटभर खोल एक पन्हळ खाली उतरते. ती छिन्नीची नाही. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी ओतलेल्या पाण्याने दगड तेवढा झिजला आहे. पाहुणे येतात, चपला काढतात आणि विचारतात, "कुठला देव हा?"

"देव न्हाई," शिळेची राखण करणारे लहानूबाबा सांगतात. "सैपाकीण व्हती."

गावची जाणती माणसं ही गोष्ट शिळा हलली तिथून सुरू करतात, कारण चमत्कार ऐकायला सोपा असतो. खरी ती सुरू होते धुवणापासून, धान्य धुतलेल्या पाण्यापासून.

फार पूर्वी, असे सांगतात, या माळावर नाईकांची गढी होती. नऊ पाड्यांची शेतं त्यांच्या शब्दावर पेरली जात. गढीच्या अंगणात कातळात खोदलेलं पेव होतं, माणूस आत उतरेल एवढ्या तोंडाचं. पाड्यांवरच्या झोपड्यांत ओल आणि उंदीर. म्हणून सुगी झाली की प्रत्येक घर पुढच्या सालासाठी राखलेलं नागलीचं बी गाडग्यात भरून, तोंड मातीने लिंपून, त्या पेवात ठेवायला आणी. मृगाच्या तोंडावर नाईक हळहळून सांगत, "तुमच्या बियाला कीड लागली. माझ्यातलं न्या, सुगीला दुप्पट आणून घाला." दुप्पट घातल्यावर घरात जे उरे ते माघापर्यंत कसंबसं पुरे. मग चैत्रात नाईकांच्या दारी कढई चढे आणि नऊ पाडे पळसाचे द्रोण घेऊन आंबिलीच्या रांगेत बसत. द्रोण तोंडाला लावण्याआधी सगळ्यांनी म्हणायचं, "नाईकांचं कल्याण होवो." लोक अगदी मनापासून म्हणत.

ती कढई भिवरा सांभाळी. तिची आई ठमाबाई रांगेत बसे आणि दर साली एकच कुरकुर करी, "राख लावून ठेवलेल्या बियाला कीड लागतेच कशी?" भिवरा ते हसून सोडून देई.

नागली दर खेपेला गढीच्या नोकराकडून नदीवर धुऊन येई. त्या वैशाख अमावास्येला, मृगाला बारा दिवस उरले असताना, नोकर तापाने पडला होता. भिवराने स्वतःच परात पुढे ओढली. पहिल्या पाण्यात हात घातला आणि पाणी राखेसारखं करडं झालं. दुसरंही तसंच. तिचा हात थांबला. खायच्या नागलीला कुणी राख लावत नाही. राख लावतात ती बियाला. तिसऱ्या पाण्यात, कीड लागू नये म्हणून बियात घालतात तो निरगुडीचा वाळलेला पाला वर आला, लुगड्याच्या निळ्या दोऱ्याने बांधलेला. दोरा तिने ओळखला. गाठही ओळखली. ठमाबाई डावखुरी होती. तिची गाठ उलटी पडे.

म्हणजे कीड कधी लागलीच नव्हती. नऊ पाडे दर उन्हाळ्यात आपलंच बी दान म्हणून जेवत होते, आणि वर देणाऱ्याचं कल्याण चिंतत होते.

बाहेर रांग बसली होती. त्यात तिची आई होती, दोन दिवसांची उपाशी. शिजवलं तर बी जाणार होतं, आणि नाही शिजवलं तर कदाचित आई. भिवरा परातीपाशी किती वेळ बसून राहिली ते कुणी सांगत नाही. मग ती उठली. भिजलेली नागली तिने आपल्या पदरावर पसरून सावलीत ठेवली. कढईतलं आधण चुलीत ओतलं. कढई ओढत नेऊन पेवाच्या तोंडावर पालथी घातली आणि तिच्यावर चढून बसली.

रांगेतून पहिला आवाज आला तो तिच्या चुलत्याचा, धावजीचा. "पोरी, आधी खाऊ घाल. श्यानपन मागनं शिकव."

"आधी खातोयच की आपण, काका. मी जन्मले तवापासून."

नाईक स्वतः बाहेर आले. त्यांनी आवाज चढवला नाही. चांगुलपणाची त्यांना सवय होती.

"भिवरा, ऊठ. लेकरं रडतायत."

"आज शिजवलं तर आज जेवतील, नाईक. मृगाला पेरतील काय?"

"मी आहे ना."

"तेच तर," भिवरा म्हणाली.

तेवढ्यात ठमाबाई द्रोण घेऊन पुढे आली. "मला उपाशी मारतीस व्हय गं?"

भिवराने ओला दोरा आईच्या हातावर ठेवला. म्हातारीने तो बोटांत फिरवला, गाठ चाचपली.

"इतकी वर्सं शिजवलंस," ती म्हणाली, "एकदा धुवायला काय झालं व्हतं?"

मग तिने आपला द्रोण जमिनीवर पालथा घातला आणि लेकीच्या पायाशी बसली. दोरा रांगेतून हातोहात फिरला. जिथे पोचला तिथे द्रोण पालथा झाला. उन्हं कलली तेव्हा अंगणभर पालथे द्रोण होते, आणि त्या दिवशी कल्याणाचा शब्द कुणी काढला नव्हता.

नाईकांच्या आठ गड्यांनी कढई ढकलून पाहिली. ती जागची हलली नाही. लोक कडू कंद उकडून खात तिथेच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी नाईकांनी गढीवरून आपल्या शेतांकडे पाहिलं, तर एकही औत जुंपलेलं नव्हतं. औत धरणारे सगळे हात अंगणात होते. त्यांनी माडीवरचं धान्य काढलं, ते मात्र कढईत घालायला नाही. पाड्यांनी ते नांगरटीची मजुरी म्हणून, मापाने मोजून घेतलं.

राहिलं पेव. भिवरा म्हणाली, "एकेका पाड्याचा एकेक हात लावा." आठ हात लागले. नववा धावजीचा, तो अडून बसला. "माझं गाडगं शाबूत निघालं तर ते माझंच. ज्यांची शिजून गेली त्यांनी आपलं बघावं."

"तुझं शिजलं असतं तर, काका?"

धावजी पालथ्या द्रोणांकडे वळला. मग पुटपुटला, "बरं. समद्यांचं." त्याने हात लावला मात्र, आणि जी आठ गड्यांना हलली नव्हती ती कढई, असे सांगतात, वर बसलेल्या भिवरासकट पाण्यावरच्या पानासारखी अलगद उचलली गेली. राहिलेली गाडगी एकाच राशीत रिकामी झाली आणि नऊ पाड्यांत सारखं बी गेलं. कढई पुन्हा तोंडावर बसली.

भिवरा मात्र उतरली नाही. बी मातीत पडल्याशिवाय खाणार नाही, असं ती म्हणाली होती. शेवटचं शेत पेरून झालं तेव्हा ठमाबाई द्रोणात आंबील घेऊन धावत आली. पेवावर कढईच्या जागी काळी शिळा होती. भिवरा नव्हती. कुणी म्हणे ती पेवात उतरली, कुणी म्हणे बियाबरोबर मातीत गेली.

पुढच्या वैशाख अमावास्येला नऊही पाड्यांत घरची नागली शिल्लक होती. असं कुणाच्या आठवणीत घडलं नव्हतं. ठमाबाई परात घेऊन एकटीच माळावर आली. तिने खायची नागली धुतली, धुवण शिळेवर ओतलं आणि म्हणाली, "बघ पोरी. राख न्हाई."

आजही त्या दिवशी नऊ पाड्यांच्या नऊ बाया शिळेवर धुवण ओतून तेच शब्द बोलतात. पाणी पन्हळीतून उतरतं तेव्हा सगळा माळ गप्प होऊन, वाकून, पाण्याचा रंग बघतो. मग नऊ हात लागतात आणि शिळा उचलली जाते. एका साली भांडणापायी आठच पाडे आले होते, तेव्हा म्हणे ती केसभरही हलली नाही.

पाहुणे हे ऐकून पुन्हा हात जोडतात. लहानूबाबा त्यांना अडवतात.

"जोडू नका," ते म्हणतात. "लावा. जड हाय."