म्हातारीने मारलेली गाठ

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. हवं तर उगवत्या सूर्याची शपथ घेतो. ज्या म्हाताऱ्या उंटाने ती मला सांगितली, तो जन्मात कधी खोटं बोलला नव्हता. आता उंट बोलतो का, असं विचारू नका, कारण त्याला मी कधी भेटलेलोच नाही.

तर एकदा, फार पूर्वी, वाळूच्या एका मुलखात दोर वळणारी एक बाई राहत होती. उंटाच्या केसांचा दोर ती असा वळायची की भरलेला पोहरा तळापासून वर ओढला तरी धागा तुटायचा नाही. त्या मुलखात दोर म्हणजे जीव. विहिरी खोल, पाणी पार तळाशी. प्रत्येक तांडा आपला दोर घेऊन यायचा, पाणी काढायचा आणि निघताना दोर गुंडाळून बरोबर न्यायचा. मागून येणाऱ्याचं तो बघून घेईल, अशी तिथली रीत होती.

बाईच्या शेजारी एक वाटाड्या राहायचा. एकदा तो वाळवंटातून परतला तो थेट तिच्या दारात येऊन बसला. एका विहिरीच्या काठाशी त्याला अख्खं कुटुंब मरून पडलेलं दिसलं होतं. खाली पाणी चमकत होतं आणि कठड्याच्या दगडांवर नखांचे ओरखडे होते.

"मग विहिरीतून आवाज आला," तो म्हणाला. "जो येईल त्याच्यासाठी दोर ठेवा."

"कुणाचा आवाज?"

"ते विचारायचं राहूनच गेलं, वहिनी."

बाईने त्याला पाणी दिलं. मग घरातला सगळ्यात जाड दोर उचलून त्याच्या खांद्यावर टाकला. "हा ठेवून या. बाकीचं मागाहून बघू."

त्याच्यावर विश्वास ठेवणारी ती पहिली. गावाने यथेच्छ हसून घेतलं. "वाटाड्याला ऊन लागलं," लोक म्हणाले, "आणि हिला गिऱ्हाईक लागलं."

पण हसणाऱ्यांतल्याच एकाचा दोर वाटेत तुटला आणि ठेवलेल्या दोराने तो वाचला. मग दुसरा वाचला. वाटाड्याभोवती माणसं जमू लागली. विहिरीविहिरीवर दोर दिसू लागले. बाईने आपल्या लेकीला ते वाक्य अंगाईसारखं शिकवलं. लेक मोठी झाली, डोंगरापलीकडच्या टोळीत दिली. त्या टोळीने वाटाड्याला मानलं नव्हतं, पण जावई भला होता.

वाटाड्या म्हातारा होऊन मेला. त्याच्या जागी कोण, यावरून मयताच्या आंघोळीचं पाणी सुकायच्या आत भांडणं लागली. त्या भांडणांतून एक कारभारी वर आला. हुशार माणूस, बोलायला हळू. त्याच सुमारास डोंगरापलीकडच्या टोळीने वाटेत ठेवलेल्या दोरांनी पाणी पिऊन गावावर धाड घातली आणि त्यात कारभाऱ्याचा भाऊ मारला गेला.

त्या मुलखात कागद नव्हता. ऐकलेला शब्द पक्का करायचा तर ज्याने ऐकला त्याने चारचौघांत तो बोलायचा आणि दोराला गाठ मारायची. वाटाड्याचं ते पहिलं वाक्य त्याच्या तोंडून पहिल्या दिवशी ऐकणारं एकच माणूस आता जिवंत होतं, दोर वळणारी ती बाई, आता म्हातारी झालेली. कारभारी म्हातारीच्या दारी आला.

"आजी, ते म्हणाले होते ना, आपल्यातला जो येईल त्याच्यासाठी?"

"आपल्यातला, असं नव्हते म्हणाले."

"मनात तेच असणार."

"त्यांच्या मनातलं तुला कधी सांगून गेले?"

कारभारी हसला नाही. "माझ्या भावाचे मारेकरी आपल्याच दोराने पाणी प्यायले, आजी. शिवाय आज जितकी माणसं तितकी त्या वाक्याची रूपं झाली आहेत. उद्या त्यांच्यावरून आपसात तलवारी निघतील. एकच वाक्य उरलं पाहिजे." उठता उठता तो म्हणाला, "वाटाड्यांची वाक्यं पाठ म्हणणारा तो आंधळा होता ना, तो काही ऐकेना. हल्ली कुठे दिसत नाही म्हणतात."

म्हातारीच्या हातातला पीळ सुटला.

"माझ्या लेकीला कुणी अडवणार नाही ना?"

"तुमच्या लेकीला? तिला कोण अडवणार?"

दुसऱ्या दिवशी भर चौकात म्हातारीने तो वाढवलेला शब्द उच्चारला आणि गाठ मारली. बाकीच्यांच्या गाठींचे दोर संध्याकाळी जाळून टाकले. जळक्या केसांचा वास गावातून लवकर गेला नाही. म्हातारीचा दोर चांदीच्या पेटीत गेला. लोक येऊन गाठीला तेल लावू लागले, तिच्यावर कपाळ टेकू लागले.

मग विहिरींवर पहारे बसले. पाणी हवं असेल त्याने आधी वाक्य म्हणायचं, मग दोर मिळायचा.

एका वर्षी डोंगरापलीकडचे झरे आटले. त्या दिवसांत म्हातारी नवा दोर पोचवायला विहिरीवर गेली. कठड्याशी तिची लेक पडली होती, कुशीत मूल होतं. म्हातारीने लेकीच्या कपाळाला हात लावला. उन्हाने कपाळ तापलं होतं, म्हणून आधी तिला वाटलं की जीव आहे. मग तिला दगडांवरचे ओरखडे दिसले.

"तिने वाक्य म्हटलं नाही?" तिने पहारेकऱ्याला विचारलं.

"म्हटलं, आजी. पण चुकीचं. जो येईल त्याच्यासाठी, एवढंच. पुन्हा म्हणायला लावलं तरी तेच. म्हणाली, आईने असंच शिकवलंय." पहारेकरी माणूस वाईट नव्हता. त्याने तोंड फिरवलं. "बरोबर काय ते मी बाहेरच्याला सांगू शकत नाही, मनाई आहे. आणि गाठ तर तुम्हीच मारलीत."

म्हातारी चौकात गेली. "मी खोटं बोलले," ती म्हणाली. "तो शब्द त्यांचा नव्हता." पेटी उघडून ती गाठ सोडवू लागली. पण इतक्या वर्षांचं तेल आणि इतकी कपाळं लागून गाठ दगडासारखी झाली होती. म्हातारीची नखं तुटली, गाठ हलली नाही.

कारभाऱ्याने येऊन तिचा हात हळुवार बाजूला केला. "दुःखाने आजींचं भान गेलंय," तो म्हणाला, आणि जमलेले लोक खरोखर रडले.

त्या दिवसापासून तिच्या दाराशी पहारा बसला, तिच्या सेवेसाठी म्हणून. दोर वळायला तिला बंदी झाली. ती मेल्यावर तिच्यावर घुमट बांधला, पहिल्या श्रद्धावंत बाईचा. तिच्या हातचा शेवटचा दोर आत टांगलेला आहे. त्याला शिवायची मनाई आहे. विहीर घुमटाच्या मागेच आहे.

बोध एवढाच, की ज्या शब्दावर पहारा बसवावा लागतो तो बोलणाऱ्याचा राहिलेला नसतो, पहारेकऱ्यांचा झालेला असतो.

आणि शपथ घेतली होती म्हणून कबूल करतो, यातला एक भाग मी रचलेला आहे. विहिरीतून आवाज वगैरे काही आला नव्हता. वाटाड्याने मेलेली माणसं पाहिली, मग आपल्याच खांद्यावरचा गुंडाळलेला दोर पाहिला, आणि त्याला लाज वाटली. पण नुसतं तेवढंच सांगितलं असतं तर तुम्ही इथवर ऐकत बसला नसता. त्याचंही कुणी ऐकलं नसतं.