पहिला ओठ

"मला मिक्सरवर बसायला अजून काय शिकायचं राहिलंय?" मी चाचांना विचारलं.

मेहबूबचाचा वायर गुंडाळत होते.

बार्शीच्या बाजूला ऑर्केस्ट्रा असो की भजन, साउंड चाचांचाच. त्यांच्या मिक्सरवर, आवाज जुळवायला, माझा थोरला भाऊ बसायचा. भागवतदादा. गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात माइकचा शॉक लागून तो गेला.

लोक म्हणाले, निष्काळजी होता. मला कुणाचं तोंड धरावंसं वाटलं नाही, फोडावंसं वाटलं.

मी सातवीत शाळा सोडलेली, पण कान पक्का. पुण्याच्या एका मोठ्या साउंडवाल्याने निरोप दिला होता, मेहबूबचाचांनी हो म्हटलं तर ये. त्या एका 'हो'साठी मी आज कार्यक्रमाआधीच स्टेजपाशी आलो होतो.

"दादापेक्षा भारी आवाज लावीन," मी म्हणालो.

"लाव."

मी लावला. ढोलकीचा आवाज मोकळा केला, शिट्टी मारणारा स्पीकर गप्प केला. गायिका रेणुकाताई दोन ओळी गाऊन हसल्या. म्हणाल्या, पोरा, माझा घसा बरा केलास की काय.

मी चाचांकडे ऐटीत पाहिलं.

तेवढ्यात लाइट गेली. जनरेटर सुरू झाला. ताईंनी परत माइककडे हात नेला आणि चाचा ओरडले, "हात नको! जनरेटरवर माइकमध्ये करंट उतरतो!" त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

ताईंचा हात तसाच थांबला.

चाचा स्टेजवर चढले. माइकच्या जाळीला टेस्टर लावला, दिवा पेटला नाही. मग चपला काढल्या, जरासा करंटही कळावा म्हणून माइक घेऊन खाली मातीत अनवाणी उतरले आणि हाताची उलटी बाजू माइकला लावली. मग ओठ. मग माइक ताईंना दिला.

माझ्याजवळ येऊन त्यांनी हळू विचारलं, "त्या दिवशी भागवतचा आवाज कसा लागला होता?"

"एकदम साफ, ऐकलेले सांगतात."

"हं…"

"मग चुकलं काय त्याचं?"

"त्या दिवशीही जनरेटर सुरू झाला. गाणारी बाई माइक धरणार होती. त्यानं ओढून घेतला, आधी आपल्या ओठाला लावला." चाचांनी हातातला टेस्टर खिशात टाकला. "टेस्टर खिशात राहिला."

माझं डोकं फिरलं. म्हणजे कुणा बाईसाठी माझा भाऊ गेला, असं काहीतरी मी बोललो. अजूनही बरंच बोललो.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"परवा लातूरला गायली ती," ते म्हणाले.

…

ढोलकीचा माइक, पेटीचा माइक आणि कोरसचे दोन तपासायचे राहिले होते. मी चाचांच्या खिशातून टेस्टर घेतला. चपला काढल्या. माती गार होती. टेस्टर, उलटा हात, ओठ. शेवटच्या माइकपाशी माझे ओठ थरथरायला लागले, काही केल्या थांबेनात. तरी लावले.

परत आलो तेव्हा चाचा मिक्सरची खुर्ची सोडून उभे होते.

"चाचा, मला भीती वाटते," मी म्हणालो. "खरंच वाटते. पुण्याचं राहू दे."

चाचांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस. पुण्याला सांगतो, पोरगं भितंय. ठेवून घ्या."