सुरईचा निळा ओघळ

फार वर्षांमागे फ्रान्समधल्या एका कलादालनात एका चित्रापुढच्या तिवईवर पांढरी सुरई उभी असे. भट्टीत तिच्या अंगावरून निळी झिलई ओघळली होती, म्हणून मालकीण ओर्तांसबाईंनी ती बाजू भिंतीकडे वळवलेली. मागचं चित्र नव्या धर्तीचं होतं, नुसते निळे फटकारे. लोक "हे आहे तरी काय?" म्हणत आणि पुढे जात.

एका सकाळी ओर्तांसबाई म्हणाल्या, "आजही कुणी थांबलं नाही, तर या चित्राची रवानगी तळघरात."

"सुरईताई, वळ की जरा," चित्रोबा म्हणाला. "तुझा ओघळ मी एकट्यानेच किती बघायचा?"

"तो डाग आहे, चित्रोबा. लोक हसतील."

"मला हसतातच. तेवढीच सोबत."

सुरईला धीर होईना. वळताना पडले तर? पण हा तळघरात गेला, तर ओघळाकडे प्रेमाने बघणारं कोण उरणार? इतक्यात रस्त्यावरून जड गाडी गेली, तिवई हादरली आणि सुरईने त्या हादऱ्यात स्वतःला वळवून घेतलं.

दुपारी पाहुणे आले आणि थबकले. चित्रातली निळाई जणू चौकटीतून उतरून सुरईवर ओघळली होती. चित्राचा अर्थ कुणीच विचारेना, गर्दी हटेना. ओर्तांसबाई सुरई फिरवायला धावल्या, तर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, हात लावू नका."

संध्याकाळी चित्रोबा कुरकुरला, "आता मला तुझी कोरी पाठच दिसते."

"मग लोकांचे चेहरे बघ," सुरई ऐटीत म्हणाली.