दुभाष्याला न कळलेला शब्द

कोकणातल्या एका बंदरात एकदा एक वृद्ध दुभाषी राहत असे. तिथे वलंदेजांची, म्हणजे डच व्यापाऱ्यांची वखार होती आणि तिथला सगळा व्यवहार याच्याच तोंडून चाले. हाताखाली एक शिष्य होता. मोठा हुशार; पण चार दिवस त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

गलबतातल्या मालाच्या गोणी भिजल्या म्हणून वखारीच्या साहेबाने जानू तांडेलाला, म्हणजे गलबतावरच्या खलाशांच्या मुकादमाला, जाब विचारला होता. "गलबत गळतंय हे मी आधीच कळवलं होतं," असं तांडेल म्हणाला. साहेबाला ते डचमध्ये सांगताना शिष्याने घाईघाईत नेमकं तेवढंच वाक्य गाळलं. तांडेलाचं काम गेलं. आता खरं सांगावं, तर शिष्याचं जाणार!

"गुरुजी, क्षमेला डच काय म्हणतात?"

"पार्डॉन. मूळ फ्रेंचांचा शब्द. यांनी घेतला, रुळवला. यांच्यात नपुंसकलिंगी आहे. आणि तो मागायचा असतो."

दिवसभर शिष्य किनाऱ्यावर येरझारा घालत तो शब्द घोकत होता. दुसऱ्या सकाळी गुरुजींना घेऊन धक्क्यावर गेला आणि तांडेलासमोर अस्खलित डच भाषेत पार्डॉन मागून मोकळा झाला. आपण 'सॉरी' म्हणून सुटतो ना, तसंच.

तांडेल गोंधळला. "काय म्हणतोय हा?" त्याने म्हाताऱ्याला विचारलं.

"मला नाही कळलं," म्हातारा म्हणाला.

शिष्य संतापला. "गुरुजी, कालच तर तुम्ही शिकवलात!"

"अरे, डचांनी परका शब्द घेतला तो आपल्या माणसांना समजावा असा करून घेतला. तू घेतलास तो या जानूला समजू नये म्हणून. मी अर्थ सांगितला असता, तर ती क्षमा मी मागितल्यासारखी झाली असती. चूक तुझी आहे."

शिष्याची मान खाली गेली. मग तो मराठीत म्हणाला, "जानूकाका, तुमचं वाक्य मी गाळलं. माझं चुकलं."

तांडेल त्याच्याकडे बघत राहिला. "हे साहेबाला सांगशील?"

"सांगतो. चला."

शंभरदा घोकलेला तो शब्द साहेबापुढे मात्र त्याच्या तोंडून अडखळत, तुटक तुटक निघाला. गाळलेलं वाक्यही त्याने स्वतःच सांगितलं. म्हाताऱ्याने मदत केली नाही.

तांडेलाला काम परत मिळालं. शिष्याचं काय करायचं, ते साहेब उद्या ठरवणार होता. त्या दुपारी शिष्य पोटभर जेवला.